दोन गोण्या मीठ परत घेऊन सत्तावीस ग्रॅम मिळण्याबाबत

मुरुगवाडा, रत्नागिरी
दिनांक : १२ जानेवारी १९८७

प्रति,
मा. साहाय्य अधिकारीसाहेब,
जिल्हा साहाय्य कचेरी,
रत्नागिरी.

विषय : दीर्घ आजार औषध साहाय्य योजनेखाली लिथियमच्या गोळ्या मिळण्याबाबत व त्यांच्याऐवजी येत असलेले मीठ थांबवण्याबाबत.

संदर्भ :
१) माझा अर्ज, दि. ३ जून १९८५.
२) आपले पत्र, दि. १९ फेब्रुवारी १९८६ (सोबत मीठ, गोण्या दोन).
३) आपले पत्र, दि. २२ डिसेंबर १९८६ (सत्काराबाबत).
४) माझे सन १९८१ मधील अर्ज, एकूण एकेचाळीस.

महोदय,

अर्जदार मी, भिकाजी आप्पा नागवेकर, वय वर्षे एकसष्ट, सविनय सादर करतो की,

१. मी बंदर खात्यात भरती-ओहोटीची नोंदवही ठेवणारा कारकून होतो. सव्वीस वर्षे रोज चार वेळा पाणी किती चढले आणि किती उतरले ते खुणेच्या काठीवर पाहून लिहिले. वहीत कोठेही खाडाखोड नाही. ही बढाई नव्हे. पुढील मजकुरात माझ्या अकलेविषयी शंका यावी असे बरेच काही आहे, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

२. या अर्जासाठी माझे कुटुंब सौ. राही हिने मला फुलस्केपची तीन पाने दिली आहेत. घरातील पेन तिच्याच ताब्यात असते. त्याचे कारण क्रमांक ४ मध्ये येईल. तेव्हा थोडक्यात लिहितो.

३. मला सन १९८१ पासून मनाचा आजार आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी समजावले की, तुमचे मन कधी भलतेच चढते आणि कधी भलतेच उतरते. मी म्हटले, डॉक्टरसाहेब, हे मला सांगू नका, मी सव्वीस वर्षे तेच लिहीत आलो आहे. चढते तेव्हा झोप आणि भूक दोन्ही जातात, आणि जगातली सगळी कामे माझ्यावाचून अडून राहिली आहेत असे वाटते. उतरते तेव्हा आंघोळीलाही उठवत नाही. यावर त्यांनी लिथियम कार्बोनेट नावाची गोळी दिली, रोज तीन, जन्मभर. तिने पाणी बेताचे राहते. ती घेतो म्हणून मी माणसांत आहे. बाजारात जातो, मासळीचा भाव करतो, फसतो आणि घरी येऊन बोलणी खातो. याहून अधिक सुखाची माझी मागणी नाही.

४. मन चढले की माझ्या आजाराचे लक्षण एकच : मी अर्ज करतो. कोणी गातो, कोणी भांडतो, मी सविनय सादर करतो. फेब्रुवारी १९८१ मध्ये एकोणीस दिवसांत मी एकेचाळीस अर्ज केले, आणि ते सर्व आपल्याच कचेरीच्या आवक खिडकीवर दिले. मी बरा असलो की माझा अर्ज दीड पानात आटोपतो, हे राहीचे निरीक्षण असून ते बरोबर आहे.

५. ही गोळी येथील औषधांच्या दुकानांत मिळत नाही. माझा मेहुणा विठू मुंबईत गिरणीत होता. तो दर महिन्याला एस.टी.च्या ड्रायव्हरकडे पुडी देई आणि मी स्टँडवर जाऊन ती घेई. संपात गिरणी गेली, विठू दोन वर्षे इकडेतिकडे करून गावी परतला आणि पुडी बंद झाली. त्यानंतर येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय धरून दिवस काढले. अशात आपल्या कचेरीच्या फळ्यावर सूचना वाचली की, दीर्घ आजाराचे औषध सरकारी खर्चाने मागवून दिले जाईल. त्या दिवशी मी राहीला फुलपुडी नेली. एकंदर घाईच झाली.

६. येथपासून जी चूक झाली ती माझी आहे, हे मी मोकळेपणी कबूल करतो. आपल्या खिडकीवर अर्ज मोठ्याने वाचून घेण्याची पद्धत आहे. माझ्यामागे रांगेत मिरकरवाड्याच्या सात-आठ बाया उभ्या होत्या, त्यांत आमची नेहमीची मासळीवाली यमुनाबाईसुद्धा. तिच्या कानावर गेलेली गोष्ट दुपारच्या आत जयगडपर्यंत पोचते. म्हणून ‘आजाराचे नाव’ या रकान्यात मी ‘उधाण’ असे लिहिले. माझ्या हिशेबी ते खरेच होते. अवसेपुनवेला समुद्र जसा हद्द सोडून चढतो तसेच माझे होते. ‘औषधाचे नाव’ या रकान्यात ‘क्षार (मिठाचा एक प्रकार)’ असे लिहिले, कारण डॉक्टरांनी धीर देताना, नागवेकर, घाबरू नका, हे एक प्रकारचे मीठच आहे, असेच म्हटले होते. ‘पूर्वीचा व्यवसाय’ या रकान्यात ‘बंदर’ असे लिहिले. तिन्ही उत्तरे प्रामाणिक होती. यमुनाबाईने मागून नुसते ‘अगो बाय’ म्हटले.

७. उधाण, मीठ आणि बंदर असे तीन शब्द असलेला कागद औषधांच्या टेबल क्रमांक ३ वर आला, तेव्हा तेथील भाऊसाहेबांनी तो मासळीच्या टेबल क्रमांक ७ कडे सरकवला. मी त्यांच्या जागी असतो तर मीही सरकवला असता. आठ महिन्यांनी आमच्या दारात हातगाडी उभी राहिली व ‘मासे खारवण्यासाठी साहाय्य’ म्हणून मिठाच्या दोन गोण्या पडवीत उतरल्या. राहीने हातगाडीवाल्याला विचारले की, गोळ्या कुठायत. तो म्हणाला, वयनी, फोडून बघा, आत असतील. तिने दोन्ही गोण्या खरोखर फोडून तळापर्यंत चाळल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो प्रकार मी आजवर ऐकूनच होतो. येथे तिसरे पान संपले. राहीकडून आणखी एक मागून घेतले आहे.

८. मीठ परत नेण्याविषयी मी टेबल क्रमांक ७ ला कळवले. उत्तर आले की, मीठ स्वीकारले असल्याने किती मासे खारवले त्याचा विनियोग दाखला एक महिन्यात सादर करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल. मी कळवले की, मजजवळ होडी नाही, जाळे नाही, मासे तर नाहीतच. उत्तर आले की, कारणे देऊ नयेत. यावर राही म्हणाली, सरकारचं मीठ घरात घेतलंय, आता मिठाला जागायला हवं. ती उठली, यमुनाबाईकडून टोपलीभर बांगडे आणले, चिरले, धुतले आणि मिठात दाबले. पुढे कैऱ्याही दाबल्या. मे महिन्यात आपले निरीक्षक पाहणीस आले. दुपारची वेळ असल्याने राहीने त्यांना पेज आणि भाजलेला खारा बांगडा वाढला. त्यांनी तीन वेळा पेज घेतली आणि वहीत ‘लाभार्थीचे काम आदर्श, उत्पादन वाढवावे’ असा शेरा मारला. आदर्श लाभार्थी स्वतः त्या वेळी कोरडी भाकरी खात होता. मीठ एकदम वाढवू नका आणि एकदम तोडूही नका, गोळीचा हिशेब बिघडतो, अशी डॉक्टरांची मला सक्त ताकीद आहे. दोन गोण्या मिठाच्या शेजारी बसून मी चिमटीने मीठ मोजून खातो.

९. आता संदर्भ क्रमांक ३ चे पत्र. त्यानुसार यंदा मला मिठाच्या पाच गोण्या मंजूर झाल्या आहेत. शिवाय दि. २६ जानेवारी रोजी मिरकरवाडा येथे ‘आदर्श मासे खारवणारा’ म्हणून शाल व श्रीफळ देऊन माझा सत्कार होणार असून, मी माइकवरून दोन शब्द बोलावेत अशी विनंती आहे.

१०. साहेब, मजजवळ आज सव्वीस गोळ्या आहेत. दिवाळीपासून मी पुरवून पुरवून रोज तीनऐवजी दोन घेतो. हे डॉक्टरांस विचारून केलेले नाही, आणि चांगले केलेले नाही, हे मला समजते. उद्यापासून रोज दोन याप्रमाणे दि. २५ जानेवारीस शेवटची गोळी संपेल आणि दि. २६ रोजी माझ्या हातात माइक येईल. सन १९८१ चा अनुभव पाहता माझे दोन शब्दांवर भागणार नाही. समोर बसलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या जेवणाची वेळ टळून जाईल, आणि त्यांस कारण काय द्यावयाचे ते आपण आजच ठरवून ठेवावे.

११. हे सर्व तोंडी सांगावे म्हणून मी गेल्या आठवड्यात टेबल क्रमांक ३ कडे समक्ष गेलो. भाऊसाहेबांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले व विचारले की, तुम्ही तर बरे दिसता, रुग्ण कोठे आहे, त्याला घेऊन या. मी म्हटले, रुग्ण मीच. ते म्हणाले, मग औषध कशाला. मी म्हटले, औषध घेतो म्हणून बरा दिसतो. ते म्हणाले, मग आता बरे झालात ना. हे असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी मी नुसती गोळ्यांची रिकामी डबी पुढे केली, कारण मला राग येऊ लागला होता, आणि माझा राग हा साधा राग आहे की आजार आहे हे मला हल्ली स्वतःच तपासून घ्यावे लागते. नंतर त्यांनी औषधाचे पूर्ण नाव वाचले व हे रसायन असल्याने लोटे येथील रसायनांच्या कारखान्यांकडे चौकशी करावी असे सुचवले. मी लोट्यास गेलो. पहिल्याच फाटकावरील पहारेकऱ्याने आस्थेने सर्व ऐकून घेतले आणि कामगारभरती बंद असल्याचे सांगितले. हे पाचवे पान आहे. या वेळी राहीने कागद देताना आधीची पाने मोजून घेतली.

१२. आजाराचा पुरावा आणा, असे भाऊसाहेबांचे म्हणणे आहे. पुरावा आपल्याच दफ्तरात आहे. माझे एकेचाळीस अर्ज काढून पाहावेत. अर्ज क्रमांक ७ मध्ये मी लांजा येथे बंदर बांधण्याची मागणी केली आहे. लांज्यापासून समुद्र कित्येक कोस दूर आहे याची मला तेव्हाही कल्पना होती, आणि समुद्र आणण्याचा खर्च लांजेकरांनी सोसावा असे मी स्पष्ट लिहिले होते. यावर आपल्या कचेरीने जागेचा सातबारा उतारा मागितला. अर्ज क्रमांक १९ मध्ये दीपस्तंभाचा उजेड दर गुरुवारी जमिनीकडे वळवावा असे सुचवले होते, कारण आतल्या गावचे लोकही सरकारास सारा भरतात. तो ‘योग्य कार्यवाहीसाठी’ पुढे गेला. अर्ज क्रमांक ३३ मध्ये भरतीची वेळ कचेरीच्या वेळेशी जुळवून सकाळी अकरा ते सायंकाळी पाच अशी करावी, असे होते. त्याचे उत्तर ‘विचाराधीन’. साहेब, मी भ्रमात केलेल्या एकेचाळीस अर्जांना आपल्याकडून एकेचाळीस उत्तरे आली, तीही महिन्याच्या आत. शुद्धीवर आल्यावर मी आयुष्यात एकच अर्ज केला, त्याला मीठ आले.

१३. अर्ज क्रमांक ४१ मध्ये देऊ केलेली नोंद मात्र पुरी झालेली नाही, त्याविषयी लिहिणे मला अवघड जाते. मांडवी बंदरात यापुढे पाणी किती चढेल याची अखेरची नोंद सरकारास मीच द्यायची आहे, अशी त्या दिवशी माझी खात्री झाली होती. त्यानुसार मी खुणेची काठी घेऊन मोजमापासाठी समुद्रात उतरलो. गुडघा, कंबर, छाती, अशा नोंदी वेळेसह केल्या. गळ्यापर्यंत पाणी आल्याची नोंद चार वाजून दहा मिनिटांची आहे. त्यापुढची नोंद करता आली नाही, कारण राही लुगड्यानिशी पाण्यात आली आणि तिने माझी शेंडी धरली. मला त्या वेळी भीती अजिबात वाटली नव्हती. आता वाटते. रोज वाटते. गोळी घेताना वाटते आणि डबी हलवून पाहताना अधिक वाटते.

१४. याच संदर्भात कळवणे अगत्याचे आहे की, लांजा बंदराविषयी आपले आणखी एक पत्र मला गेल्याच महिन्यात आले असून पाहणीस हजर राहण्याचे कळवले आहे. तरी विचारांती असे सुचवावेसे वाटते की, पाच गोण्या मीठ मिळणारच आहे, तर ते लांज्याच्या विहिरींतून सोडून निदान पाणी तरी खारे करून घ्यावे, म्हणजे समुद्र आणण्याचे निम्मे काम झाल्यासारखे होईल, आणि उरलेल्या निम्म्यासाठी आंबा घाटातून... वरील वाक्य खोडले आहे असे समजावे. ते वाक्य माझे नाही, कमी पडणाऱ्या तिसऱ्या गोळीचे आहे. सव्वीस वर्षांत प्रथमच खाडाखोड होत आहे, क्षमा असावी.

१५. आता हिशेबाचे. एक गोळी तीनशे मिलिग्रॅमची. रोज तीन म्हणजे महिन्याला नव्वद गोळ्या, म्हणजे सत्तावीस ग्रॅम. पाच गोण्या मीठ म्हणजे अडीचशे किलो. शासनास माझ्यासाठी अडीचशे किलो क्षार मंजूर करता येतो, आणि माझी गरज वर्षाला साडेतीनशे ग्रॅमसुद्धा नाही. तेवढ्यात बाहुलीच्या लग्नातली चटणीसुद्धा होणार नाही. तेव्हा माझी प्रार्थना अशी की, एक तर माझा कागद टेबल क्रमांक ७ वरून उचलून पुन्हा टेबल क्रमांक ३ वर ठेवावा. दोन टेबलांत चार पावलांचे अंतर आहे, मी मोजले आहे. ते जमत नसेल तर तो टेबल क्रमांक ७ वरच राहू द्यावा आणि पाच गोण्यांऐवजी नव्वद गोळ्या ‘मीठ’ याच सदराखाली मागवाव्यात. मी त्याची ‘बांगडे खारवण्यासाठी’ अशी पावती देईन. ‘आजाराचे नाव’ या रकान्यात ‘उधाण’ खोडून ‘वेड’ लिहावयाचे असेल तर तेही लिहावे आणि खिडकीवर वाटेल तेवढ्या मोठ्याने वाचावे. यमुनाबाईला ऐकू गेले तरी माझी हरकत नाही. लाज गेली तर ती मागून परत येते, असे मी पाहिले आहे. दि. २५ च्या आत गोळ्या आल्या तर सत्कारास येऊन दोनच शब्द बोलेन, ‘आभारी आहे’ एवढेच.

मिठाला जागलेला, अद्याप शुद्धीवर असलेला,
आपला नम्र,
(सही)
भिकाजी आप्पा नागवेकर

सोबत :
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची खरी नक्कल.
२) गोळ्यांची रिकामी डबी, एक. (नाव नीट वाचण्यासाठी. परत मिळावी.)
३) खारे बांगडे, सहा नग. निरीक्षकसाहेबांनी मागितले होते.

ता. क. (अर्जदाराच्या पत्नीच्या हस्ताक्षरात)

साहेबांना राही नागवेकर हिचा नमस्कार. मी चौथी शिकलेली, चुकलं तर सांभाळून घ्या. पेन मी आता काढून घेतलंय. ते पडवीत बसून मला सारखे विचारतायत, काय लिहितेस म्हणून.

ह्यांनी सगळं खरं लिहिलंय. पण शेंडी धरली असं लिहिलंय ते तेवढ्यावर झालं नव्हतं. मी त्यांना ओढत होते आणि ते मला म्हणत होते, राही, थांब, नोंद अर्धी राहील. मला पोहायला येत नाही साहेब. मी दर्यावर राहते, पण पोहायला येत नाही. त्या दिवशी काठी पाण्यावर दिसत होती म्हणून मी त्या अंदाजानं गेले.

माणूस चांगला आहे. माझ्यावर कधी हात उचलला नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. गोळी असली की घरात गंमत असते. ते शाल बिल देऊ नका. मीठ पण नको, मला जन्माला पुरेल एवढं झालंय.

इतकी वर्षं ह्यांच्या वहीशेजारी बसून मला पण थोडं कळायला लागलंय. गोळ्या पंचवीस तारखेला संपतात. एकोणतीसला अवस आहे, समुद्राला उधाण येणार. ते पंचांगात बघता येतं. ह्यांचं पंचांगात येत नाही, ते मी पानं मोजून बघते. बरे असतात तेव्हा दीड पान लिहितात. मी तीन दिली होती.

हे आठवं पान आहे.